मे महिन्यात धरणात संध्याकाळची बोट: वादळ आलं तर काठाकडे पळायचं की तिथंच थांबायचं?

सांजधारा

सोसायटीतली दहाबारा कुटुंबं मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पवनेला मुक्कामी जायचं म्हणतायत. तंबू, शेकोटी, कोंबडी, गाणी, सगळं नेहमीचं. वाद एकाच गोष्टीवरून पेटलाय: बोट कधी? बहुमताला ती संध्याकाळी साडेपाचची हवी, सूर्यास्ताच्या फोटोंसाठी. माझं मत असं की वळवाच्या दिवसांत दुपारी तीननंतर धरणात उतरूच नये, सकाळी सात ते दहा काय फिरायचं ते फिरून घ्यावं. यावरून ग्रुपवर मला 'आपत्ती व्यवस्थापन कक्ष' असं नाव पडलंय.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक, मी जरा जास्तच घाबरतेय का? दुसरी जास्त महत्त्वाची. बोट मधोमध असताना अचानक वादळ आलं तर काय करायचं? निघालो त्या धक्क्याकडे पळायचं, जवळचा कुठलाही काठ गाठायचा, की वाऱ्याकडे तोंड करून तिथंच थांबायचं? ग्रुपवर तिन्ही उत्तरं आली आणि देणाऱ्यांपैकी कोणी कधी वल्हं हातात धरलेलं नाही. ज्यांनी धरलंय त्यांनी लिहा.

तिरकसराव

चौथा पर्याय: बोटीत सोसायटीच्या चेअरमनना बसवायचं. त्यांच्यासमोर वादळसुद्धा लेखी अर्ज केल्याशिवाय येत नाही.

कोथरूडच्या_काकू

जास्तच घाबरताय. वळीव रोज थोडाच येतो! आम्ही मुलं लहान असल्यापासून पानशेत, वरसगाव, मुळशी सगळीकडे गेलोय, संध्याकाळच्या बोटीत बसलोय आणि घरी येऊन पिठलंभात खाल्लाय. एकदा थेंब पडायला लागले तर नावाड्यानं न विचारता बोट फिरवली. त्या माणसाचा जन्म पाण्यावर गेलाय. त्याला आकाश कळत नाही आणि आपल्याला मोबाइलमध्ये बघून कळतं, हे काही मला पटत नाही. उद्या म्हणाल ताम्हिणीत दरड येते, घाटातच जाऊ नका.

जॅकेट मात्र घालायचंच. कितीही घामट वास मारत असलं तरी.

ढगवेडा

@काकू, रोज येत नाही हे खरं. पण ज्या दिवशी येतो त्या दिवशी तो साधारण कधी येतो, तेही बघा. सकाळपासून जमीन तापते, समुद्राकडून आलेली दमट हवा वर चढायला लागते, सह्याद्रीच्या डोंगरांवर ती आणखी वर ढकलली जाते, आणि दुपारी दोनतीनच्या पुढे बारा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. म्हणजे सांजधारा यांच्या ग्रुपनं वेळ निवडलीय ती नेमकी वळवाची.

दुसरं असं की सगळ्यांचं लक्ष पावसाकडे असतं. होडीला पावसाचं फारसं वाकडं नसतं, तिला धोका वाऱ्याचा. ढगातून पडणाऱ्या थेंबांपैकी बरेच वाटेतच सुकतात. त्यानं तिथली हवा गार आणि जड होते, दाणकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. हा झोत पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावतो. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पाऊस पलीकडच्या तालुक्यात असतो आणि वारा तुमच्या बोटीपाशी पोचलेला असतो. त्याच्या आधी बऱ्याचदा हवा एकदम पडते, उकडतं, पाणी सपाट होतं. लोक म्हणतात वा, काय छान शांत झालं. मग वाऱ्याची दिशा बदलते आणि तो गार लागतो. गार लागला की हातात पाचदहा मिनिटं उरली असं धरायचं, कधी तेवढीही नसतात. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी वीसचा वारा चाळीसवर गेला हे ऐकायला फार वाटत नाही, बोटीत बसल्यावर वाटतं.

मोबाइलबद्दल: वेधशाळेचा पुढच्या तीन तासांचा अंदाज आणि पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' ॲप, दोन्ही फुकट आहेत. दामिनी आपल्या आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज कुठं पडतेय ते दाखवतं. चाळीसच्या वर्तुळात ठिपके दिसले की बोटीचा विषय काढायचाच नाही.

खडकवासला_चौपाटी

आम्ही वळवात काठावर उभं राहून भजी खातो. आजवर एकही प्लेट उलटलेली नाही.

भीमाकाठ

इंदापूर तालुक्यातनं लिहितोय. आमच्याकडं उजनीच्या पाण्यावरची होडी ही मौज नाही, रोजचा रस्ता आहे. पलीकडं करमाळा तालुका. पाण्यावरनं समोर दिसणारं गाव रस्त्यानं गाठायचं तर सगळ्या फुगवट्याला वळसा. लग्न, दवाखाना, बाजार, पाव्हणे, सगळं होडीतनं. मोटारसायकलीसुद्धा होडीत घालून नेतात.

२१ मे २०२४ ला कुगाववरनं कळाशीला येणारी होडी संध्याकाळच्या वाऱ्यात उलटली. सात माणसं होती, सहा गेली. त्यात लहान लेकरं होती. एक जण पोहत काठाला लागला. मे महिना आणि संध्याकाळ, हे ज्यांना जास्त घाबरणं वाटतं त्यांनी तेवढं ध्यानात ठेवा.

काकू म्हणतात नावाड्याला आकाश कळतं. कळतं की. आमचा चुलता मासेमारी करतो, जाळ्यात चिलापी लागली का नाही हे दोरीला हात लावून सांगतो, वारा कुठनं सुटणार तेही सांगतो. पण कळलं म्हणून थांबता येतं असं नाही. होडीत माणसं बसलेली असतात. एकाची हळद असते, एकीचं लेकरू तापानं फणफणलेलं असतं, एक जण नुसताच 'चला हो, काय होत नाय' म्हणणारा असतो. तो प्रत्येक होडीत असतो. नावाडी नको म्हणाला तर त्यालाच चार शब्द ऐकवतात. त्याला नको म्हणता येईल अशी आपली वागणूक असली पाहिजे.

आता मुद्द्याचं. उजनीचं पाणी पसरट. वारा एका काठावरनं सुटला की दुसऱ्या काठापर्यंत त्याला अडवायला काही नाही, आणि जेवढं मोकळं पाणी तेवढी लाट मोठी होत जाते. त्यातनं उथळ जागी ती आखूड आणि उभी येते. एक लाट खालनं जायच्या आत दुसरी आत येते. चुलत्याचं सांगणं असं, लाटेला खांदा द्यायचा, कूस द्यायची नाही. म्हणजे होडीचं तोंड लाटेकडं, जरासं तिरपं. आडवी कधीच नाही. माणसांनी फळीवरनं उतरून खाली बुडात बसायचं आणि कोणी उठायचं नाही, नवी चप्पल वाहून चालली तरी.

कोथरूडच्या_काकू

@भीमाकाठ, ते कुगावचं तेव्हा वाचलं होतं, इतकं जवळून कोणी सांगितलं नव्हतं. 'चला हो, काय होत नाही' म्हणणारा आमच्या घरात आहे. कोण ते सांगत नाही, पेपर वाचत बसलाय.

नवखी_वाट

पवनेचाच अनुभव आहे म्हणून लिहिते. मी आणि मैत्रीण, दोघींची कयाक, मे महिना, चार वाजून गेलेले. आकाश निळं. पवनेला अडचण अशी की लोहगड-विसापूर, तुंग, तिकोना असे डोंगर सगळीकडून उभे आहेत. ढग त्यांच्याआड वाढतो. आपल्याला माथा दिसतो तोवर तो आलेलाच असतो. उजनीला निदान क्षितिज तरी दिसत असेल.

पहिली खूण म्हणजे पलीकडच्या काठाजवळचं पाणी काळपट झालं. तो काळा पट्टा आमच्याकडे सरकत येताना स्पष्ट दिसत होता. मैत्रीण म्हणाली ढगाची सावली असेल. सावली नव्हती, वाऱ्यानं खरवडलेलं पाणी होतं. पट्टा पोचला तसं तोंडावर गार हवेचा फटका बसला आणि मग आम्ही वल्ही मारतोय आणि मागे जातोय असा प्रकार सुरू झाला. काठावरचं एक झाड मी खुणेला धरलं होतं, ते झाड आमच्या पुढे निघून गेलं.

शेवटी ओढाताण सोडली आणि वारा नेईल तिकडे जाऊ दिलं, फक्त कयाक आडवी होऊ दिली नाही. लागलो ते भलत्याच काठाला. मे महिन्यात पाणी खूप खाली गेलेलं असतं, त्यामुळे काठ म्हणजे गुडघ्याएवढा चिखल. शेवटचे काही हात पाण्यातून चालत जायला उतरलो तर माझं जॅकेट कानापर्यंत वर आलं आणि मी खालीच. खालचा पट्टा तुटलेला होता, तो निघताना कोणी बघितलाच नव्हता. वर पोचलो तर दुसऱ्याच कोणाचा कॅम्प. त्यांनी टॉवेल दिला, चहा दिला आणि चहाचे चाळीस रुपये घेतले. आमच्या कॅम्पवाल्याला फोन लावला तर त्याचं पहिलं वाक्य, "ताई, कयाक नीट आहे ना?"

तिरकसराव

चाळीस रुपयांत चहा महाग, पण टॉवेल फुकट. हिशेब जमला.

शीडवाला

एनडीएत असताना खडकवासल्याच्या पाण्यात, पीकॉक बेमध्ये, शिडाच्या बोटी शिकलो. तिथं बोट चालवणं नंतर येतं. आधी ती उलटी करायची आणि सरळ करायची, हे अंगवळणी पाडतात. त्यामुळे उलटण्याची भीती जाते आणि डोकं जागेवर राहतं. सांजधारा यांच्या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण वादळ कुठवर आलंय त्यावर ते बदलतं.

वारा अजून आलेला नाही पण येणार हे दिसतंय, काळा पट्टा, गार झुळूक, गडगडाट, यातलं काहीही, तर जवळचा काठ. निघालो तो धक्का नाही. ही चूक फार जण करतात. गाडी तिथं आहे, चपला तिथं आहेत, उरलेली मंडळी तिथं आहेत म्हणून अर्धं धरण आडवं कापून तिकडेच जायला बघतात.

लाटा उठल्यानंतर मात्र पळायच्या नादात बोट वळवणं धोक्याचं. वळताना ती काही क्षण आडवी होतेच. शिवाय पाठीमागून लाट यायला लागली की जिथं इंजिन अडकवलेलं असतं ती मागची फळी बुटकी असते, तिच्यावरून पाणी सरळ आत. अशा वेळी भीमाकाठ यांचा चुलता सांगतो तेच. तोंड वाऱ्याकडे, जरासं तिरपं, आणि इंजिन इतपतच चालू ठेवायचं की बोट आपलं ऐकेल. जोरात चालवलीत तर ती लाटेत नाक खुपसते. वळवाचा पहिला जोर बऱ्याचदा अर्ध्यापाऊण तासात ओसरतो. तेवढा वेळ काढायचा.

इंजिन बंद पडलं तर बादली दोरीला बांधून बोटीच्या पुढच्या टोकावरून पाण्यात सोडायची. बादली पाण्यात ओढ धरते आणि बोटीचं तोंड आपोआप वाऱ्याकडे राहतं. दुसऱ्या कशानंही पाणी उपसत राहायचं. उलटलीच तर बोट सोडायची नाही. फायबरची, लाकडाची बोट उलटी होऊनही बहुधा तरंगते. काठ जवळ दिसतो म्हणून चांगले पोहणारे सुटतात आणि ते अंतर नेहमी दिसतं त्यापेक्षा जास्त असतं.

संगमवाला

@शीडवाला, इंजिनाच्या बोटीपुरतं मान्य. पण पवनेला सोसायटीची पोरं कयाकमध्येच बसणार, आणि तिथं 'तोंड वाऱ्याकडे करून वेळ काढा' हे सांगणं फसवं आहे. मी कॉलेजात असताना सीओईपी या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबला वल्हवायचो, रेगाटा हा तिथला नौकांचा सोहळाही केलाय. रोज सराव करणाऱ्या पोराचे हातसुद्धा तशा वाऱ्यात दहापंधरा मिनिटांत भरून येतात. वर्षातून एकदा वल्हं धरणारा माणूस तीन मिनिटांत फोटो काढायचं सोडतो आणि पाचव्या मिनिटाला वल्हं. नवखी_वाट यांनी केलं तेच योग्य होतं. वाऱ्याबरोबर जा, कूस सांभाळा, लागेल तो काठ आपला. आणि जवळ उंच डोंगर असेल, वारा त्याच्यावरूनच येत असेल, तर त्याच्या पायथ्याला चिकटा, तिथं पाणी बरंच शांत असतं.

वाट बघण्याविरुद्ध आणखी एक मुद्दा म्हणजे वीज. सपाट पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

ढगवेडा

विजेचा मुद्दा बरोबर. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाज एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेतो. तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा पाण्यावर नसावं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत पाण्यात जायचं नाही.

आणि काठाला लागलात म्हणजे सुटलात असं नाही. एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही, तंबूतही नाही. पत्र्याच्या टपाची चारचाकी, काचा वर करून, हा जवळपास मिळणारा सगळ्यात चांगला आडोसा.

शीडवाला

@संगमवाला, कयाकबद्दल तुमचं ऐकतो. पण इंजिनाच्या बोटीत विजेला भिऊन लाटेत वळू नका, हे माझं मत कायम. आडवी झालेली बोट वीज पडायची वाट बघत नाही.

संगमवाला

आणि बंद पडलेलं इंजिन आपल्या मताची वाट बघत नाही. रविवारच्या गर्दीत भाड्यानं फिरणाऱ्या बोटींची इंजिनं कशी ठेवलेली असतात ते बघितलंय का?

पाण्यावरचं_पोट

बघितलंय. आमच्याच असतात. पानशेतच्या बाजूला घरचा बोटींचा धंदा आहे, म्हणून आता बोलतो.

आमचा धंदा शनिवार-रविवारचा आणि सुट्टीचा. पुण्यातनं लोक निघतात दहाला, मिसळ खात, वाटेत थांबत पोचतात एकला, जेवतात, लोळतात आणि चारला म्हणतात चला बोट. सकाळी नऊला आम्ही तयार असतो, काठावर कुत्रं नसतं. म्हणजे ज्या वेळेला वारा येतो त्याच वेळेला गिऱ्हाईक येतं. मी नाही म्हटलं तर ते शेजाऱ्याकडे जातं. शेजारी नाही म्हटला तर तिसऱ्याकडे. तिसरा नवीन असतो, त्यानं कर्ज काढून बोट घेतलेली असते.

भीमाकाठ यांनी लिहिलं ते अक्षरशः खरं. गेल्या हंगामात मी वारा बघून बोटी ओढून घेतल्या, तर एक साहेब म्हणाले पैसे वाढवून मागायची ही पद्धत आहे. आणि जॅकेटचे पट्टे तुटतात कसे? लोक जॅकेट अंगाखाली घेऊन बसतात. एक जण त्यावर कोंबडीची पिशवी ठेवून बसला होता.

सांजधारा

@पाण्यावरचं_पोट, हे वाचून आमच्या ग्रुपचं वेळापत्रक डोळ्यासमोर आलं. मिसळसुद्धा त्यात आहे.

धरणाखालचं_गाव

थोडं अवांतर. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा पवनेत वाघेश्वराचं मंदिर वर येतं, उजनीत पळसदेवचं. बघायला गर्दी होते. पण मंदिर पूर्ण उघडं पडायच्या आधी बरेच दिवस ते, जुन्या भिंती, झाडांचे बुंधे, हे सगळं पाण्याखाली हातभर असतं. वाऱ्यात भलत्याच काठाला लागताना बोटीच्या बुडाला काय लागेल सांगता येत नाही. स्थानिक नावाड्याला ते पाठ असतं. भाड्याच्या कयाकवाल्याला कोणी सांगत नाही.

तिरकसराव

म्हणजे वादळातून वाचलात तर थेट देवळाच्या कळसावर. दर्शन फुकट.

इतिहासखोर

धरणांचा विषय निघालाच आहे तर १२ जुलै १९६१ चा पानशेत प्रलय कसा विसरता? पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि पुण्यातल्या पेठा पाण्यात गेल्या. आमच्या वाड्याच्या भिंतीवर पाण्याची खूण होती...

कोथरूडच्या_काकू

आमच्याकडेही! सासूबाई सांगायच्या, पाणी आलं तेव्हा शेजाऱ्यांनी गच्चीवर आधी ट्रंक चढवली, मग सासरे.

संचालक

पानशेतवर वेगळे धागे आहेत, तिथे लिहा. इथे बोट आणि वादळ.

हिशेबी

शीडवाला यांनी 'पाणी उपसत राहायचं' असं एका वाक्यात उरकलंय, त्याचा आकडा मांडतो. चार मीटर लांब, दीड मीटर रुंद होडी धरा. तिच्यात घोट्याएवढं, म्हणजे दहा सेंटीमीटर पाणी आलं की ते ६०० लिटर होतं. म्हणजे ६०० किलो. दहा माणसं जास्तीची चढल्यासारखं. माणसं निदान एका जागी बसतात, हे पाणी होडी जरा कलली की सगळं त्याच बाजूला पळतं आणि तिला आणखी कलवतं. त्यामुळे घोट्याएवढं पाणी दिसलं की 'अजून वेळ आहे' असं नाही म्हणायचं.

माणसांच्या हलण्याचंही तसंच. ३० सप्टेंबर २००९ ला थेक्कडीच्या तलावात पर्यटकांची बोट उलटून ४५ जण गेले. जनावरं बघायला लोक एका बाजूला सरकले होते. वादळाचा तिथं काही संबंध नव्हता. लाटेचं पाणी उडतं म्हणून सगळे कोरड्या बाजूला सरकले तर तेच होणार. भिजायचं, पण हलायचं नाही.

आणि जॅकेट म्हणजे सगळी एकसारखी नसतात. आतल्या लेबलवर न्यूटनचा आकडा असतो. ५० न्यूटनचं असेल तर ते पोहता येणाऱ्याला मदत म्हणून. १०० किंवा जास्तीचं असेल तर ते पोहता न येणाऱ्यासाठी, तोंड पाण्याच्या वर राहावं अशा बेतानं बनवलेलं असतं. लेबलच नसेल तर तो नारिंगी रंगाचा सदरा समजा. घातल्यावर दुसऱ्यानं खांद्याला धरून वर ओढून बघायचं. हनुवटीवर गेलं तर पट्टे आवळा किंवा बदलून मागा. लहान मुलांना मोठ्यांचं घालणं म्हणजे न घालण्यातलाच प्रकार.

पाण्यावरचं_पोट

खांद्याला ओढून बघायचं हे उद्यापासून आमच्या धक्क्यावर सुरू करतो. निम्मे लोक गुदगुल्या होतात म्हणतील.

सांजधारा

ग्रुपवर हा सगळा धागा टाकला. परिणाम सांगते. तिघांनी वाचला, एकानं 'टीएलडीआर' म्हणजे 'फार लांब, वाचलं नाही' असं लिहिलं, चेअरमननी अंगठा दाखवला. बोट सकाळी साडेसातला ठरली. संध्याकाळी काठावरूनच फोटो. मिसळ परतीच्या वाटेवर.

पण माझा दुसरा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. वाचून मला कळलं ते असं: वारा यायच्या आत जवळचा काठ, इंजिनाची बोट लाटेत सापडली तर तोंड वाऱ्याकडे, कयाक असेल तर वाऱ्याबरोबर. मग ज्या बोटीत इंजिनही आहे आणि लहान मुलंही आहेत आणि काठ अगदी समोर पण आडव्या दिशेला दिसतोय, तिथं काय?

भीमाकाठ

आडवा काठ सरळ नाही गाठायचा. तिरपं तिरपं जायचं. थोडं वाऱ्याकडं, मग जोर कमी वाटला की थोडं काठाकडं, परत तोंड वाऱ्याकडं. वेळ लागतो. लेकरं रडतात, रडू द्यायची. चुलता अशा वेळी मोठ्यानं शिव्या देतो, कुणालाच नाही, नुसत्या वाऱ्याला. त्यानं होडीतली माणसं गप बसतात.

शीडवाला

अगदी बरोबर, शिव्यांसकट. फक्त झोत दोन लाटांच्या मधे कमी होतो तेव्हाच वळायचं, आणि वळण छोटं ठेवायचं.

संगमवाला

मी अजूनही म्हणेन की मुलं असतील तर इंजिनावर भरवसा ठेवून लाटेत तळ ठोकू नका, सरकत राहा. पण भीमाकाठ यांच्या चुलत्याबरोबर वाद घालायची माझी तयारी नाही.

नवीन_सदस्य_पिंपरी

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. आम्ही येत्या रविवारी पानशेतला जातोय, सकाळी साडेआठपर्यंत पोचू. एवढ्या लवकर बोट मिळते का? सोबत सहा आणि नऊ वर्षांची मुलं आहेत.

पाण्यावरचं_पोट

मिळते. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून मुलांची वजनं सांगा, त्या मापाची जॅकेट काढून ठेवायला लागतात, ती कपाटात मागं असतात. माझ्याकडेच या असं नाही, कुणालाही विचारा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.